हुमणीचा भुंगेरा सगळीकडे एकच? कृष्णाकाठाला विचारा

वळीव पडला की सांगली-साताऱ्याकडच्या शेतकरी ग्रुपांवर हुमणीबद्दल (पिकाच्या मुळ्या खाणारी अळी, मोठी झाली की तिचाच भुंगेरा होतो) हा मेसेज फिरतोच: ‘हुमणीचा भुंगेरा सगळीकडे एकच. बांधावरचे कडुनिंब, बाभळी तोडा. रात्री बल्ब लावून खाली रॉकेलचं पाणी ठेवा. शेणखतातली पांढरी अळी दिसेल तिथं चिरडा.’

पहिलंच वाक्य चुकलंय, आणि पुढचा घोळ त्यातूनच होतो. जत, आटपाडी, माण-खटावच्या हलक्या रानातली हुमणी म्हणजे होलोट्रिकिया सेराटा, आपली माळावरची. वाळवा, पलूस, कराडकडं नदीकाठच्या उसात सापडते ती ल्युकोफोलिस लेपिडोफोरा. हिचा भुंगेरा थोराड, अंगावर बारीक खवले. दोघांच्या अळ्या मुळ्याच कुरतडतात, पण भुंगेऱ्यांची वागणूक पार निराळी.

माळावरचा वळवानंतर अंधार पडता पडता जमिनीतून निघतो, कडुनिंब-बाभूळ-बोरीवर जमतो, रात्रभर पाला खातो, तिथंच जुळतो आणि उजाडायच्या आत मातीत शिरतो. म्हणजे त्याला गाठायची हमखास जागा तीच. खाली ताडपत्री अंथरून फांदी हलवा, पटापटा पडतात. मग रॉकेलच्या पाण्यात टाका. झाडच तोडलं तर तो उपाशी मरत नाही, शेजाऱ्याच्या झाडावर जातो. सावली गेली ती वेगळीच.

नदीकाठचा भुंगेरा मात्र झाडपाल्याच्या नादी फारसा लागत नाही. जूनच्या पावसात तिन्हीसांजेला थोडाच वेळ उडतो, जोडी जमली की परत जमिनीत. दिव्याकडंही तो फारसा येत नाही. त्यामुळं माळावर बल्बाखाली घमेलं भरतं म्हणून कृष्णाकाठी भरेल असं नाही, आणि रिकामं घमेलं बघून ‘आपल्यात हुमणी नाही’ म्हणणं तर महागात पडतं. इथं तिन्हीसांजेला हातानं वेचणी, नांगरामागून अळ्या गोळा करणं आणि ओल असताना मेटारायझियम ही अळी मारणारी बुरशी, यावरच भर द्यावा लागतो.

शेणखतातल्या अळीचं म्हणाल तर चिरडायच्या आधी ती सपाट जागेवर ठेवून बघा. उताणी होऊन पाठीवर सरपटायला लागली तर ती फुलभुंगेऱ्याची, कुजलेलं खाणारी. तिला राहू द्या, खत बारीक करते. हुमणी पाठीवर चालत नाही.

आणि हाच मेसेज ऑगस्टात पुन्हा येतो! तोवर भुंगेऱ्यांचा हंगाम सरलेला असतो, अळी उसाच्या बुडाशी असते. तेव्हा बल्ब लावून फक्त वीज जळते.