काकूंची रद्द झालेली तारीख आणि ‘मेलेल्या माणसाचं हाड’

आमच्या लालबागच्या इमारतीच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: ‘मणक्याच्या ऑपरेशनात मेलेल्या माणसाचं नाहीतर जनावराचं हाड भरतात. शरीर ते नाकारतं, रोग होतात. स्क्रू-रॉड असताना हाड लागतच नाही, ते बिल फुगवायला घालतात. घालायचंच तर कमरेचं स्वतःचं मागा, त्याचा काही त्रास नाही.’ हे वाचून तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ऑपरेशनची तारीख रद्द केली. मणका सरकलाय, पाय बधिर होत चाललेत, तरीही. मी थिएटरमध्ये सिस्टर आहे, म्हणून लिहितेय.

आधी स्क्रूचं, कारण सगळ्यात घातक तेच आहे. स्क्रू-रॉड मणके धरून ठेवतात ते मध्ये भरलेलं हाड जुळून मणके एकमेकांना जोडले जाईपर्यंत. त्याला सहा महिने ते वर्ष लागतं. हाड जुळलंच नाही तर रोजच्या उठण्या-वाकण्यानं टायटॅनियमही थकतं. स्क्रू सैल होतो, रॉड मोडतो. न्यूयॉर्कमध्ये 1911 साली हिब्ज आणि अल्बी या सर्जननी मणके जोडले ते स्क्रूशिवाय, हाडानंच. अल्बींनी त्यासाठी नडगीचं हाड घेतलं होतं.

स्वतःचं हाड सर्वांत चांगलं, हे खरं. त्यात जिवंत पेशी असतात. पण कमरेचं काढायचं तर दुसरी जखम होते आणि तिथलं दुखणं काहींना महिनोन्‌महिने छळतं. शिवाय पुष्कळदा ते काढावंही लागत नाही. नसेवरचा दाब काढताना निघालेलं हाड आम्ही फेकत नाही. ओल्या गॉजवर घेऊन, मांसाचे धागे सोडवून, निबलरनं, म्हणजे हाड कुरतडायच्या चिमट्यानं, बारीक तुकडे करतो, आणि तेच परत मणक्यात जातं. कमी पडलं तर बाहेरचं.

ते बाहेरचं शरीर नाकारतं का? दात्याचं हाड धुऊन, चरबी आणि पेशी काढून, गोठवून सुकवतात, मग गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. त्यामुळे मूत्रपिंड बसवताना करतात तसं दात्याशी जुळवून पाहणं नाही, नाकारू नये म्हणून औषधंही नाहीत. इथेच परळला टाटा मेमोरियलमध्ये 1988 पासून ऊतीपेढी, म्हणजे दात्यांच्या हाडासारख्या ऊतींची बँक, आहे. धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही: अमेरिकेत 2021 साली एका उत्पादनातून अनेकांना क्षयाची बाधा झाली. पण त्यात पेशी मुद्दाम जिवंत ठेवल्या होत्या.

बिलाची शंका मात्र रास्त आहे. खर्च आधी लिहून मागा. महाग म्हणजे चांगलं असंही नाही. हाड वाढवणाऱ्या बीएमपी या प्रथिनाच्या मानेतल्या वापरानंतर गळा सुजून श्वास अडकल्याच्या तक्रारी आल्या आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाला 2008 मध्ये इशारा द्यावा लागला.

राहिलं जनावराचं. काकू माळकरी आहेत, त्यांचा प्रश्न मला मनापासून पटतो. काही उत्पादनं गाई-बैलांच्या हाडापासून होतात, बीएमपीचा स्पंजही गोवंशाच्या कोलॅजनचा असतो. पण कॅल्शियम फॉस्फेटचे कारखान्यात बनवलेले दाणेही मिळतात. कुठलं वापरणार, हे सर्जनला विचारायचा पूर्ण हक्क आहे.

काकू, बुधवारी ओपीडी आहे. मी सोबत येते, आपण दोघी विचारू.