वकिलाचं पत्र आलं की पोस्ट गायब

घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरमध्ये गळती आहे, असं एखादा रहिवासी स्थानिक वेबसाइटवर फोटोसकट लिहितो आणि आठवड्याभरात ते पान गायब होतं. लोक म्हणतात, साइटवाले मॅनेज झाले. मॅनेज कसले! बिल्डरच्या वकिलाचं पत्र येतं आणि नोकरी सांभाळून साइट चालवणारी दोन-तीन माणसं टरकतात. मीही ठाण्यातल्या अशाच एका छोट्या साइटचं काम बघतो, हौसेने आणि फुकट.

खरं तर आयटी कायद्याचं कलम ७९ आमच्या बाजूचं आहे. लोकांनी लिहिलेल्या मजकुराला साइट जबाबदार नाही, फक्त तो बेकायदा असल्याची 'प्रत्यक्ष माहिती' मिळाल्यावर काढला पाहिजे. आणि ही माहिती म्हणजे कोर्टाचा आदेश किंवा सरकारी सूचना, असं सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात सांगून टाकलंय. वकिलाचं पत्र त्यात बसत नाही. (ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुराला गुन्हा ठरवणारं याच कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं तेही याच निकालात. २०१२ मध्ये फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली तेव्हा हे कलम लावलं होतं. पालघर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होतं.)

पण निकाल दाखवायलाही वकील लागतो, आणि त्याची फी साइटच्या वर्षभराच्या खर्चाहून जास्त. त्यापेक्षा डिलीटचं बटण स्वस्त.

याच कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांनी ५० लाखांवर युजर असलेल्यांना जास्तीच्या अटी लावून वेगळं काढलं, ते बरं केलं. तक्रार अधिकारी मात्र सगळ्यांनाच नेमायचा आहे. कोर्टाचा किंवा सरकारी आदेश आल्यावर मजकूर काढायला तेव्हा ३६ तास होते, फेब्रुवारी २०२६ मध्ये त्याचे ३ झाले. मोठ्या कंपनीत रात्रपाळीला माणसं असतात. आमच्याकडे मेल दुपारी आला, तर मी ऑफिसातून निघून लोकल पकडेपर्यंत मुदत संपलेली! ब्रिटनमध्ये ऑनलाइन सेफ्टी कायद्यात १ कोटी ८० लाख पौंडांपर्यंत किंवा उलाढालीच्या १० टक्के दंड आहे. तो लागू होण्याआधीच काही हौशी साइटवाल्यांनी टाळं लावलं.

लहानांना सरसकट सूट द्या, असं मी म्हणणार नाही. कुणा बाईचा खासगी फोटो टाकला गेला असेल तर साइट केवढी आहे हे विचारूच नये, तिची तक्रार येताच तो उतरवावा. पण गळक्या भिंतीच्या फोटोला ३ तासांची घाई कशाला? लहान साइटला निदान दोन-तीन दिवस द्या आणि लिहिणाऱ्याला आपली बाजू मांडू द्या.

ठाणे कोर्टात प्रॅक्टिस करणारं कुणी हे वाचत असेल, तर अशा पत्रांना द्यायच्या उत्तराचा एक साधा मराठी मसुदा करून द्याल का? साइटवर सगळ्यांसाठी ठेवतो.