गोट्याला घेऊन जा गे मारबत

पोळ्याचा दुसरा दिवस, शनिवार. नागपुरात या दिवशी मारबतीचा पुतळा मिरवून जाळतात, गावची पीडा तिच्यासोबत जावी म्हणून. मी इथे जर्मनीत, माझ्या कुत्रीला, चिंगीला घेऊन हॅनोव्हरच्या आयलेनरीडे जंगलात शिरलो होतो. पंधरा जुलैला पट्ट्याची सक्ती संपून महिना झालेला, म्हणून तिचा पट्टा सोडला होता आणि ती पानांत नाक खुपसून निवांत हिंडत होती. तेवढ्यात नागपुरातल्या मनीषनगरच्या आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज पडला : ‘इडा पिडा, रोगराई आणि तिसऱ्या माळ्यावरच्या गोट्याला घेऊन जा गे मारबत!’ त्याखाली हसून डोळ्यांतून पाणी काढणारे पिवळे चेहरे. मी मोजले, सतरा.

गोट्या म्हणजे आमचा लॅब्राडोर. वय पावणेचार वर्षं, वजन चौतीस किलो. फ्लॅट कागदोपत्री माझ्या नावावर आहे, त्यामुळे ग्रुपवर मी आहे आणि आईबाबा नाहीत. हा शेरा त्यांनी वाचला नाही, मी वाचला. हसू मलाही आलं असतं, गोट्या दुसऱ्या कोणाचा असता तर.

त्याचे गुन्हे खरे आहेत. आईबाबा भाजी आणायला खाली उतरले की दोन मिनिटांत हा भुंकायला लागतो, मग रडायला. रडणंही असं की पार्किंगमधला चौकीदार वर बघतो. दाराची सागवानी चौकट त्याने कडीच्या उंचीपासून खालपर्यंत सोलली आहे. बाबांनी फोटो पाठवला होता. लाकडाच्या ढलप्या पायपुसण्यावर पडलेल्या, आणि चौकटीवर जिथे पॉलिश संपतं तिथे रक्ताचा बारीक ओघळ. त्याच्या हिरडीचा. सोफा शाबूत, चपला शाबूत, टीपॉयवरची बिस्किटंसुद्धा जागच्या जागी. फक्त दार.

यावर ग्रुपने सुचवलेले उपाय : दोन रट्टे हाणा. साखळीने बांधून ठेवा. दुसरं कुत्रं आणा, सोबत होईल. काटोलकडे कोणाच्या तरी शेतावर सोडून या. एका काकूंनी लिहिलं, ‘काऊन पाळता बाप्पा, सांभाळणं होत नाही तर?’ आणि एका भाऊंनी सुप्रीम कोर्टाची बातमी टाकली. अकरा ऑगस्टला कोर्टाने दिल्लीतली मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा म्हटलं, बावीसला तो आदेश बदलून नसबंदी आणि लस झालेली कुत्री जिथून उचलली तिथेच परत सोडा म्हटलं. पिसाळलेली आणि अंगावर येणारी तेवढी वगळून. भाऊंनी टाकली ती अकराची बातमी. मारबतीच्या दिवशी, म्हणजे तेवीसला. आणि गोट्या मोकाट नाही, दिल्लीचाही नाही.

नागपुरात हा घोळ जुनाच आहे. २०२२च्या ऑक्टोबरात हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालायचं असेल तर त्यांना दत्तक घ्या, घरी न्या, असं म्हटलं होतं. पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. तेव्हापासून आमच्याकडे कुत्र्यावर बोलायचं म्हणजे दोन तट. एका बाजूला चावे मोजणारे, दुसऱ्या बाजूला पारले-जी वाटणारे. घरात एकटा पडलेला, घाबरलेला कुत्रा कोणाच्याच यादीत बसत नाही.

मी तिथेच एका ओंडक्यावर बसून लांबलचक उत्तर लिहिलं. इथल्या नीडरझाक्सन राज्यात २०१३पासून कुत्रा पाळायचा तर आधी लेखी परीक्षा आणि मग कुत्र्यासकट प्रात्यक्षिक द्यावं लागतं, ते लिहिलं. काटेरी पट्टा लावून शिकवायला २०२२पासून बंदी आहे, ते लिहिलं. मी न चुकता हुंडेश्टॉयर, म्हणजे कुत्र्याचा कर, भरतो, हेही लिहिलं. का लिहिलं देव जाणे, त्याचा गोट्याशी काय संबंध? शेवटी हेही घातलं की सेमिनरी हिल्सला १९५८पासून पशुवैद्यक महाविद्यालय असलेल्या शहरात सुशिक्षित माणसांनी रट्टे सुचवावेत, याची मला लाज वाटते.

पाठवलं. चार मिनिटांनी पहिल्या माळ्यावरच्या काकांचं उत्तर आलं : ‘तुमच्या जर्मनीत रेबीज नाही, भाऊ. तिथून बोलाले काय जाते?’

बरोबर आहे. २००८ सालीच जर्मनी रेबीजमुक्त जाहीर झाली. इथे कुत्रा भुंकला तर लोक त्रासतात, घाबरत नाहीत. नागपुरात रात्री अकराला स्कूटरवरून घरी येणाऱ्या माणसाच्या पोटात जो गोळा येतो तो मी पंधरा वर्षांपूर्वी विसरलो. पण काका, गोट्याला दरवर्षी लस दिलेली आहे आणि तो आजवर चौकटीशिवाय कोणाला चावलेला नाही. हे मी लिहिलं नाही. लाजेच्या वाक्यानंतर आपलं कोणी ऐकणार नाही, एवढं कळलं होतं.

रट्ट्यांचं मात्र बोललंच पाहिजे. ‘त्याला सगळं समजते, आल्यावर पाहा कसा मान खाली घालतो’ हे बाबासुद्धा म्हणायचे. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकी संशोधिकेने २००९ साली चौदा कुत्र्यांवर एक साधा प्रयोग केला. मालक खोलीबाहेर गेल्यावर कधी कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्ला, कधी खाल्ला नाही. मालकाला मात्र कधी खरं तर कधी खोटं सांगितलं. तो अपराधी चेहरा कुत्र्याने खाल्लं की नाही यावर ठरत नव्हता, मालक रागावला की नाही यावर ठरत होता. बाजारातून येऊन तुम्ही गोट्याला रट्टा दिलात, तर त्याला चौकट आठवत नाही. घरचं माणूस परत येणंसुद्धा भीतीचं आहे, एवढंच तो शिकतो. म्हणजे जाणंही वाईट आणि येणंही.

साखळीचंही तेच. घाबरलेल्याला कोंडलं किंवा बांधलं की तो दाराऐवजी साखळी चावतो आणि दात पाडून घेतो. दुसऱ्या कुत्र्यानेही बहुतेक वेळा फरक पडत नाही, कारण याला कुत्र्याची नाही, माणसाची उणीव भासते.

आता एवढं ज्ञान मला कुठून आलं, ते सांगतो.

चिंगी रुमेनियाची. तिथल्या रस्त्यावर जन्मली, निवाऱ्यात वाढली, मग व्हॅनमधून आणखी वीस कुत्र्यांसोबत इथे आली. इथल्या टिअरहाइममध्ये, म्हणजे प्राण्यांच्या निवाऱ्यात, तिचं नाव लूना होतं. युरोपचा निळा पासपोर्ट तिच्याकडे पहिल्या दिवसापासून आहे, माझ्याकडे अजून जर्मनीचा लाल नाही. आली तेव्हा सगळे म्हणायचे, ‘किती नशीबवान आहे, वाचली बिचारी.’ पहिल्या आठवड्यात तिने बेडरूमचं दार खालून फाडलं. इथली आतली दारं पुठ्ठ्याची असतात, म्हणून वेळ कमी लागला.

दुसऱ्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या बाईंनी लेर्मप्रोटोकोल, म्हणजे आवाजाच्या त्रासाची नोंद, पत्राच्या पेटीत टाकला. एक प्रत मला, एक हाउसफेरवाल्टुंगला, म्हणजे इमारतीचा कारभार बघणाऱ्यांना. आखलेल्या कागदावर, निळ्या शाईत : ‘मंगळवार, ०८:१४ ते ०८:५१, रडणं. ०९:०५ ते ०९:२०, दार खरवडणं.’ अकरा दिवसांची नोंद. जिन्यात भेटल्या की मात्र हसून ‘मॉर्गन’ म्हणायच्या. ग्रुपवरच्या सतरा हसऱ्या चेहऱ्यांचा मला संताप आला खरा, पण त्या निळ्या शाईच्या दिवसांत कोणी तोंडावर येऊन ‘काऊन पाळता बाप्पा’ म्हटलं असतं तर मी त्याच्या गळ्यात पडलो असतो.

कागद कामाला मात्र आला. मी ०८:१०ला निघायचो, ती ०८:१४ला सुरू व्हायची. म्हणजे हातात चार मिनिटं होती. चिंगीच्या डॉक्टरीणबाईंनी तो कागद बघितला आणि म्हणाल्या, उत्तम, म्हणजे आपण एका मिनिटापासून सुरुवात करू.

रीत अशी की कुत्रा घाबरायच्या आत परत यायचं. दिवसातून वीस वेळा किल्ली उचलायची आणि सोफ्यावर बसून राहायचं, किल्लीचा अर्थ पुसला जाईपर्यंत. मग बूट घालून स्वयंपाकघरात जायचं. मग दार उघडून बंद करायचं. मग बाहेर दहा सेकंद. कॅमेऱ्यात ती जांभया देऊ लागली, ओठ चाटू लागली, की आपण घाई केली असं समजायचं आणि दुसऱ्या दिवशी मागे यायचं. आणि शिकवण चालू असेपर्यंत तिला खरोखर एकटं सोडायचंच नाही. हीच गोष्ट सगळ्यात महाग पडते. मी तीन दिवस घरून काम करायचो, उरलेले दोन बायको. सात महिने आम्ही दोघांनी मिळून एक सिनेमा बघितला नाही.

जोडीला क्लोमिप्रामिनची गोळी. माणसांच्या नैराश्यावरचं जुनं औषध, अमेरिकेत १९९८पासून कुत्र्यांच्या याच दुखण्यासाठी मान्य आहे. गोळीने कुत्रा शिकत नाही, शिकण्याइतका शांत होतो. आईला सांगितलं तेव्हा ती हसली. ‘कुत्र्यालाही डिप्रेशन? तुमच्या तिकडे सगळ्यालाच आहे.’ सातव्या महिन्यात चिंगी चार तास झोपून राहिली. ३१ डिसेंबरला अजूनही नाही. दिवाळीच्या फटाक्यांबद्दल मी घरच्यांना दरवर्षी भाषण देतो, इथे फटाके वर्षात तीनच दिवस विकतात म्हणून सांगतो, आणि सिल्व्हेस्टरला, म्हणजे त्याच ३१ डिसेंबरच्या रात्री, तिला घेऊन फटाक्यांपासून लांब, लांगेनहागेनला विमानतळाजवळच्या हॉटेलात जाऊन झोपतो. ते मी ग्रुपवर लिहिलं नव्हतं.

आता गोट्याकडे. गोट्या मी आणला. आईबाबांनी मागितला नव्हता. बाबा रिटायर झाले, ताई बंगळुरूला, मी इथे. त्या डिसेंबरात सुट्टीवर गेलो होतो, पिल्लू घेतलं आणि तीन आठवड्यांत निघून आलो. वेबकॅमपेक्षा बरं, असं तेव्हा म्हणालो होतो. पहिली तीन वर्षं तो दुपारी कूलरच्या वाऱ्यात पसरून एकटा छान राहायचा. मागच्या हिवाळ्यात मी पाच आठवडे राहिलो. तो माझ्या पलंगाखाली झोपायचा. पहाटे अंबाझरीला जायचो, येताना मी तर्री पोहे खायचो आणि तो टपरीवाल्याकडे बघत बसायचा. जानेवारीत एका पहाटे चारला बॅग घेऊन निघालो. तो लिफ्टपर्यंत आला होता.

चौकटीचा पहिला फोटो फेब्रुवारीचा.

हे मी तारखा लावून जुळवलेलं नाही, आईने सांगितलं. मारबतीनंतरच्या आठवड्यात माझ्या तगाद्याने ते त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले. दात, सांधे, रक्त, सगळं बघून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, एवढ्यात घरातून कोणी गेलं का? लग्न, नोकरी, मयत, काही? बाबा म्हणाले, ‘नाही, कोणीच नाही. आम्ही दोघंच असतो.’ आई गप्प बसली. घरी आल्यावर मला फोनवर म्हणाली, ‘तुझं नाव कायले सांगायचं, म्हणाले. तू काय आता जात आहे का?’

तर आता मनीषनगरला किल्ल्या वाजतात. बाबा एकाहत्तर वर्षांचे, दाराबाहेर मोबाइलचं घड्याळ लावून उभे राहतात. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू, त्याच ‘काऊन पाळता’वाल्या, आता बाबांना बाहेर बसायला स्टूल देतात. आईबाबा एका वेळी बाजारात जात नाहीत, एक जण जातो. पावसाळ्यात गरज नसतानाही कूलर चालू ठेवतात, कारण त्याच्या घरघरीत लिफ्टचा आवाज बुडतो. हे मी सुचवलेलं नाही. ही बाबांची अक्कल. मला आयलेनरीडेत बसून कधी सुचलं नसतं.

मी मात्र रोज व्हिडिओ कॉल करून सूचना द्यायचो. किती सेकंद, जांभई दिली का, घाई करू नका. दोन आठवडे प्रगती शून्य. मग एका रविवारी बाबांनी कॅमेरा स्वतःकडे वळवला आणि आवाज खाली आणून म्हणाले, ‘हे पाहा, तू फोन करतो ना, तुझा आवाज आला की हा उठून दाराशी जाऊन बसतो. मग तासभर तिथून हलत नाही. त्या दिवशी मग काहीच जमत नाही. तू असं कर, महिनाभर फोन नको करू. लिहीत जा.’

मागे आईने काहीतरी म्हटलं, ते नीट ऐकू आलं नाही. गोट्या दिसत नव्हता. दाराशी असेल.

तेव्हापासून मी लिहितो. बाबा टायपिंगला कंटाळतात, म्हणून फक्त मिनिटांचा आकडा पाठवतात. परवा ११ आला होता. काल ९. आज दुपारी, इथे जेवणाच्या सुट्टीत, १४.