गौदी आणि गावदी

"तू ठरव, मला काहीही चालेल," असं नवरा म्हणाला तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. काहीही चालणाऱ्या माणसाला काय काय चालत नाही, याची यादी अकरा वर्षांच्या संसारानंतर मला तोंडपाठ आहे: पहाटेचं विमान, दुपारचं ऊन, रांग, गर्दी आणि जिथे चहा धड मिळत नाही असा सगळा प्रदेश. बार्सिलोनात हे सगळं एकाच ठिकाणी सापडतं.

आम्ही जर्मनीत राहतो, श्टुटगार्टजवळ. आई साताऱ्याहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आली होती आणि मार्च संपत आला तरी तिचा स्वेटर काही उतरत नव्हता. "एवढ्या लांब आणलंय, तर जरा ऊन तरी दाखवा," ती म्हणाली. ऊन म्हणजे भूमध्य समुद्र. ईस्टरची सुट्टी म्हणजे चार दिवस. त्यातल्या त्यात स्वस्त विमान बार्सिलोनाचं होतं. ठरलं.

मग प्रत्येकाची फर्माईश. ओवी, वय आठ, तिला कॅपिबारा हा दक्षिण अमेरिकेतला मोठा कुरतडणारा प्राणी बघायचा होता. तिथल्या कॉस्मोकाइशा नावाच्या विज्ञान संग्रहालयात अ‍ॅमेझॉनच्या जंगलाचा हजार चौरस मीटरचा तुकडा उभा केलाय आणि त्यात खरेखुरे कॅपिबारा आहेत, ही बातमी तिने शाळेतून आणली होती. ईशानला, वय सव्वाचार, जेसीबी हवा होता. कुठलाही. आईला चढ नको, जिने नकोत आणि "तिथलं ते सगळं मांसमच्छी" नको. नवऱ्याला काहीही.

मी एक्सेल उघडलं. गौदीच्या इमारती लाल रंगात, समुद्र निळ्या, जेवणं पिवळ्या आणि "मोकळा वेळ" हिरव्या. हिरवा रंग चार दिवसांत मिळून चाळीस मिनिटं भरला. तोसुद्धा मेट्रो बदलताना.

खरा घोळ तिकिटांचा. या शहरात हल्ली कुठे नुसतं जाऊन उभं राहता येत नाही, वेळ घ्यावी लागते. गौदीच्या सग्रादा फामिलिआ या चर्चला शनिवारी सकाळी नऊ, त्याच्याच कासा बात्यो या घराला सोमवारी सव्वादहा. अकरा वर्षांखालच्या मुलांना सग्रादा फामिलिआ फुकट, पण फुकटाचंही तिकीट काढावं लागतं आणि त्यावरही वेळ छापलेली असते. पंधरा-पंधरा मिनिटांचे हे तुकडे मी चार रात्री जागून जुळवले. पंधरा मिनिटांत ईशानचा एक बूट घालून होतो, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

"हा गावदी कोण?" आईने स्क्रीनकडे बघत विचारलं.

"गौदी, आई. गौदी. मोठा वास्तुरचनाकार होता."

"तेच म्हणतेय मी. गावदी."

पुढचे चार दिवस तो गावदीच राहिला.

राहण्याची जागा मी एशाम्पला या भागात घेतली. ईल्देफोन्स सेर्दा नावाच्या अभियंत्याने १८५९ मध्ये आखलेला हा भाग, बुद्धिबळाच्या पटासारखे सारखे चौकोन, त्यामुळे हरवायची भीती नाही, असा माझा हिशेब. घराच्या वर्णनात "दुसरा मजला, लिफ्ट नाही" असं स्वच्छ लिहिलेलं. दोन जिने आई चढेल, असं मी गृहीत धरलं. तिथे गेल्यावर कळलं की बार्सिलोनातल्या जुन्या इमारतींत तळमजल्यावर आधी एक "मधला" मजला असतो, त्यावर "मुख्य" मजला असतो आणि त्यानंतर मग पहिला. म्हणजे आमचा दुसरा हा चांगला चौथा होता. पूर्वीचे मालक मुख्य मजल्यावर राहायचे, वरच्या मजल्यांवर भाडेकरू. आम्ही भाडेकरूच, त्यामुळे इतिहासाशी प्रामाणिक राहिलो एवढंच.

आई "मुख्य" मजल्यावर कठड्याला धरून उभी राहिली. "अजिंक्यतारा चढला तर वर निदान किल्ला असतो," म्हणाली. मी ईशानची घडीची गाडी, दोन बॅगा आणि अपराधी भावना घेऊन तिच्या मागे होते. नवरा सगळ्यांत वरून ओरडला, "अगं, व्ह्यू छान आहे!"

वर चावी द्यायला आलेल्या बाईंनी पासपोर्ट मागितले. स्पेनमध्ये पाहुण्यांची नोंद करावीच लागते. तर, बार्सिलोनातले खिसेकापू जगात प्रसिद्ध आहेत हे मी आईला निघण्यापूर्वी सांगून ठेवलेलं, आणि तिने ते मनावर घेऊन पासपोर्टसाठी सलवारीला आतून खास कप्पा शिवला होता, वर दोन सेफ्टी पिना. कप्प्यापर्यंत पोचायला बंद दाराची गरज होती. दहा मिनिटांनी ती बाहेर आली आणि तिने पासपोर्ट त्या बाईंच्या हातात दिला. चांगला गरम होता. बाईंनी दोन बोटांत धरून फोटो काढला. त्या खिसेकापूंना मी शुभेच्छा देते.

मेट्रोच्या यंत्रापाशी दुसरा प्रसंग. टी-फामिलिआर नावाचं आठ फेऱ्यांचं तिकीट घरातल्या सगळ्यांना मिळून वापरता येतं, हे मी शोधून ठेवलं होतं. पण चार वर्षांखालची मुलं फुकट जातात आणि आमचा तीन महिन्यांनी मोठा.

"तीन सांग," आई कुजबुजली. "एसटीत तुला सातवीपर्यंत हाफ तिकिटात नेलंय."

"आई, मशीन आहे. त्याला कोण काय सांगणार?"

"मग तर प्रश्नच मिटला."

शनिवारी सग्रादा फामिलिआ. नऊच्या वेळेला आम्ही सव्वानऊला पोचलो आणि आत सोडलं, हे मी सुयश मानते. बाहेर उभं राहून मी माहिती सांगायला लागले: काम १८८२ मध्ये सुरू झालं, पुढच्याच वर्षी गौदीने ते हाती घेतलं, १९२६ मध्ये तो गेला, तरी काम चालूच आहे.

आईने मान वर करून मनोऱ्यांकडे बराच वेळ पाहिलं. "माणूस गेला तरी काम चालू आहे? आमच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटचा बिल्डर जिवंत आहे, तरी काम बंद आहे."

ईशानला मनोरे दिसलेच नाहीत. त्याला क्रेन दिसली. आत जायला तो तयार होईना, कारण आत क्रेन नव्हती. मग आईने गौदीला कामाला लावलं. तो रोजच्यासारखा पायी प्रार्थनेला निघाला होता, ट्रामची धडक बसली, अंगावर साधे जुने कपडे म्हणून लोकांना भिकारी वाटला आणि तीन दिवसांनी तो गेला, हे मी तिला सकाळीच सांगितलं होतं. तिने त्याची रस्ता-सुरक्षेची गोष्ट केली: "ते आजोबा इकडेतिकडे न बघता रस्त्यात गेले. त्यांना आत ठेवलंय. बघायचंय?" ईशान ताबडतोब आत. खालच्या तळघरात गौदीची खरोखर समाधी आहे, त्यामुळे आई खोटं काहीच बोलली नव्हती. पण त्यानंतर घरी परत येईपर्यंत प्रत्येक सिग्नलला तो खणखणीत आवाजात "ट्राम येतेय का?" विचारायचा, आणि मगच आम्ही सगळे रस्ता ओलांडायचो.

आत मात्र कोणी काही बोललं नाही. सकाळचं ऊन पूर्वेच्या काचांमधून आलं होतं आणि ते खांब, झाडांसारखे वर फांद्या फुटलेले, निळे-हिरवे झाले होते. आईने पदर नसताना डोक्यावर ओढणी घेतली. चार मिनिटं. मग "शू."

बार्सिलोनातलं गौदीचं काम मला अर्धंमुर्धं सांगता येईल, पण कुठल्या चौकात कुठल्या कॅफेचं स्वच्छतागृह मागच्या बाजूला डावीकडे आहे, हे मी झोपेत सांगेन. पद्धत अशी: ईशानला लागते म्हणून आपण कॅफेत शिरायचं, आत गेलो तर काहीतरी घ्यायला हवं म्हणून कॉफी घ्यायची, आणि त्या कॉफीमुळे अर्ध्या तासाने आपल्याला पुढचा कॅफे शोधायला लागायचा. तिथे पुन्हा कॉफी.

आणि जेवण! माझ्या पिवळ्या चौकटींत रात्रीचं जेवण साडेसहाला होतं. साडेसहाला तिथे माणसं दुपारच्या जेवणातून नुकती उठलेली असतात. आठच्या आधी स्वयंपाकघर उघडत नाही, आणि आठला ईशान झोपतो. पहिल्या रात्री तो ताटाची वाट बघत खुर्चीतच झोपला आणि मग सव्वादहाला ताजातवाना उठून "जेसीबी कुठे?" म्हणाला.

आईसाठी मी सँडविच मागवलं, पाटीवर "व्हेजिटल" असं लिहिलेलं. इतकं सरळ नाव वाचून कोण संशय घेईल? पहिल्याच घासाला आई थांबली. "यात काहीतरी पोहतंय." टूना होता. त्या देशात व्हेजिटल म्हणजे भाजीपाला आहे, बाकी कोण कोण आहे याची हमी नाही. मग आम्ही पा-आम्ब-तुमाकेतवर आलो: भाजलेल्या पावावर टोमॅटो चोळायचा, ऑलिव्हचं तेल, मीठ, झालं. माझा हा अत्यंत आवडता पदार्थ. आईने पाव उलटापालटा करून पाहिला. "टोमॅटो नुसता दाखवून परत नेलाय." तिसऱ्या दिवसापासून तिने बॅगेतली थालीपिठं रेशनसारखी मोजून काढायला सुरुवात केली.

खरं तर रविवारी बाजार होता. ला बोकेरिया, फळं, रसांचे पेले, अगदी जाड पिवळी चौकट. आम्ही पाच जण ला राम्ब्लावरून मिरवत पोचलो तर दारं बंद. बाजार रविवारी बंद असतो. चार रात्री जागून पंधरा-पंधरा मिनिटं जुळवणाऱ्या बाईला रविवार दिसला नव्हता. "मला वाटलंच होतं," नवरा म्हणाला. त्या क्षणी त्याचं लग्न थोडक्यात वाचलं.

कॅपिबारांबद्दल फार लिहीत नाही. ओवी काचेला नाक लावून पाऊण तास उभी होती, अत्यंत सुखात. आई शेजारी येऊन म्हणाली, "ही तर घूस! आपल्या मागच्या अंगणात आहे की." ओवी तिच्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

राहिला सोमवार, सव्वादहा, कासा बात्यो. नकाशावर पायी बारा मिनिटं. मी शहाणी होऊन साडेनऊला सगळ्यांना खाली उतरवलं. चार जिने. पण त्या भागातल्या फूटपाथवर चौकोनी सिमेंटच्या फरश्या आहेत, वीतभर रुंद, प्रत्येकीवर चार पाकळ्यांचं एक फूल. तीन दिवस आम्ही त्यावरून धावत होतो म्हणून कोणाला दिसलं नव्हतं. त्या दिवशी ईशानला दिसलं. "फुलावरच पाय. रेघेवर पडला की आऊट." आऊट म्हणजे कोपऱ्यापर्यंत मागे जायचं. सगळ्यांनी. ओवी लगेच पंच झाली. आई ठिकरीत पटाईत, ती पदराशिवायही कंबर खोचून पुढे निघाली. त्यात या सेर्दासाहेबांनी प्रत्येक चौकाचे कोपरे तिरके कापून ठेवलेत, त्यामुळे सरळ जातोय असं वाटतं तरी प्रत्येक चौकात वळसा आहेच. बारा मिनिटांच्या रस्त्यात नवरा सहा वेळा आऊट झाला. मला काहीही चालेल म्हणणारा माणूस, चालताच येईना.

पासेइग दे ग्रासिआ या मोठ्या रस्त्याला लागलो तेव्हा दहा वाजून दहा. कासा बात्यो समोर, हाडांसारखे खांब, मुखवट्यांसारख्या बाल्कन्या, आणि फरशी बदलली. चौकोन संपले, षटकोन सुरू. त्यावर फुलं नाहीत. ईशान थांबला, वाकला, मग चक्क पालथा झोपला.

"आई, हे चित्र तुटलंय."

तुटलं नव्हतं. एका फरशीवर एकच तुकडा असतो, शेजारच्या सहा जोडल्या की चित्र पुरं होतं. तो बोटाने एकेक रेघ शोधत सरकत होता. शंख. तारामासा. लोक त्याला वळसा घालून कासा बात्योचे फोटो काढत होते. दहा सतरा. दहा बावीस. माझ्या फोनमधलं तिकीट मुकाट पडून होतं.

ओवीने माहितीपत्रक वाचून दाखवलं: ही फरशी मुळात गौदीने याच घरासाठी केली होती, पण वेळेत तयार झाली नाही, म्हणून ती पुढे कासा मिला या त्याच्याच दुसऱ्या इमारतीत बसवली.

"म्हणजे त्याचाही स्लॉट गेला," नवरा म्हणाला.

आई तोवर दिव्याच्या खांबाखालच्या पांढऱ्या बाकावर जाऊन बसली होती. तिने डबा उघडला, शेवटची दोन थालीपिठं होती, आणि जमिनीवरच्या नातवाकडे बघून हाक मारली, "गावदी, हात धुऊन ये."