‘एक्चे होमो’ आणि ब्रदर अल्बर्ट : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार. पोलिश चित्रकार आदाम ख्मिएलोव्स्की, म्हणजेच फ्रान्सिस्कन (गरिबीचे व्रत पाळणाऱ्या ख्रिस्ती संन्याशांच्या) परंपरेतले ब्रदर अल्बर्ट, यांच्यावरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. त्यांच्या ‘एक्चे होमो’ (‘पाहा, हा मनुष्य’) या येशूच्या चित्राला मी अभिव्यक्तिवादी, म्हणजे हुबेहूब रूपापेक्षा मनातली भावना मांडणारे, म्हटले, ते चूक. आणि मानसिक आजाराने खचलेल्या चित्रकाराने संन्यासाकडे घेतलेल्या माघारीला मी त्यागाचा मुलामा दिला, तेही चूक.

पहिला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. हे चित्र १८७९ मध्ये सुरू झाले आणि जर्मन अभिव्यक्तिवाद्यांचा ‘डी ब्रुके’ हा गट ड्रेस्डेनमध्ये स्थापन झाला तो १९०५ मध्ये. तरीही तो शब्द माझ्या लेखणीवर का आला, ते सांगायला हवे. म्युनिकच्या कला अकादमीत शिकलेल्या या चित्रकाराने इथे तपशिलाचा मोह जवळजवळ सोडून दिला आहे. काट्यांच्या मुकुटाखाली झुकलेला चेहरा, बांधलेले हात आणि खांद्यांवरून उतरणारा लाल झगा एवढेच काय ते दिसते, आणि तो झगा उघड्या छातीभोवती असा पडला आहे की हृदयाचा आकार आपोआप उमटतो. चित्र त्यांच्याजवळ वीसहून अधिक वर्षे अपुरेच होते. ल्वूवचे (आजचे युक्रेनमधील ल्विव) आर्चबिशप शेप्तित्स्की यांनी ते मागितले, तेव्हा घाईने हात फिरवून त्यांनी ते देऊन टाकले.

दुसरा आक्षेप मात्र मी स्वीकारू शकत नाही. १८८० मध्ये ते जेझुइट या कॅथलिक संन्यासी संघात दाखल झाले, काही महिन्यांतच कोसळले आणि त्यांना मनोरुग्णालयात ठेवावे लागले, हे खरे आहे व लेखात मी ते लपवलेले नाही. परंतु १८८२ मध्ये ते भावाकडे पोडोलियात (आजच्या युक्रेनमधला प्रदेश) गेले, तिथे बरे झाले, पुन्हा कुंचला हाती धरला, खेड्यापाड्यांतल्या चर्चमधली जुनी चित्रे दुरुस्त केली, १८८४ मध्ये क्राकुवला येऊन राहिले, आणि संन्याशाचा करडा झगा चढवला तो २५ ऑगस्ट १८८७ रोजी. मधली पाच वर्षे हा माणूस चित्रे काढतच होता. अठराव्या वर्षी, रशियन सत्तेविरुद्धच्या १८६३ च्या पोलिश उठावात, डावा पाय गमावलेले ख्मिएलोव्स्की लाकडी पायाने क्राकुवच्या बेघरांमध्ये वावरत राहिले, चित्रे विकून आलेला पैसा त्यांच्यावर खर्च करू लागले आणि अखेर काझिमिएश भागातल्या नगरपालिकेच्या निवाऱ्यात, त्याच माणसांसोबत, राहायलाच गेले. आजारातून उठलेल्या माणसाने पुढे घेतलेल्या प्रत्येक निर्णयाचे खापर त्या आजारावर फोडणे मला अन्यायाचे वाटते, मग तो माणूस संत असो वा नसो. शिवाय ही माघार असती, तर ती क्षणभराची ठरली असती. त्यांनी मात्र पुढची जवळजवळ तीस वर्षे याच कामात काढली आणि २५ डिसेंबर १९१६ रोजी, नाताळच्या दिवशी, निवाऱ्यातच देह ठेवला.

मूळ लेखातला ‘अभिव्यक्तिवादी’ हा शब्द आज काढून टाकला आहे. ‘त्याग’ हा शब्द मी तसाच ठेवत आहे.