कार्ला सुआरेझ नवारोबद्दल आणखी थोडं
स्पेनच्या महिला टेनिसपटूंवरच्या तुमच्या लेखात अरांचा सांचेझ, कोंचिता मार्टिनेझ आणि गार्बिन्ये मुगुरुझावर भरभरून लिहिलंत, ते योग्यच. पण कार्ला सुआरेझ नवारोला एका ओळीत उरकलंत, याचं वाईट वाटलं. उंची जेमतेम १.६२ मीटर, आणि तरीही एकहाती बॅकहँड! डोळ्यांचं पारणं फेडणारा फटका होता तो. २००९ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये तिने मॅच पॉइंट वाचवून व्हीनस विल्यम्सला हरवलं. २०१६ मध्ये दोहाची स्पर्धा जिंकून जागतिक क्रमवारीत सहावी झाली. ग्रँड स्लॅम एकेरीत सात वेळा उपांत्यपूर्व फेरी गाठली, पुढे मात्र एकदाही जाता आलं नाही.

पण माझ्यासाठी तिचं खरं मोठेपण २०२१ मधलं. सप्टेंबर २०२० मध्ये तिला हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका संस्थेचा कर्करोग, झाल्याचं निदान झालं. निवृत्ती तर तिने आधीच जाहीर केली होती. परत आली नसती तरी कोणी काही म्हटलं नसतं. केमोथेरपी संपवून ती थेट फ्रेंच ओपनला उतरली, स्लोन स्टीफन्सविरुद्ध पहिला सेट घेतला आणि तिसऱ्यात हरली. विम्बल्डनला सेंटर कोर्टवर अ‍ॅश बार्टीकडून दुसरा सेट टायब्रेकमध्ये खेचून घेतला, आणि बार्टी त्या वर्षीची विजेती! या एका वर्षावर स्वतंत्र लेख लिहाच, ही मनापासून विनंती.