दीडचा एसडब्ल्यूआर म्हणजे केबल चांगली? एका फिरत्या मेसेजला उत्तर

हॅम रेडिओचं (हौशी बिनतारी संदेशाचं) लायसन्स नुकतंच हातात पडलेल्या मुलामुलींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: घरच्या स्टेशनला महागडी केबल लागत नाही. डिशची उरलेली केबल किंवा बाजारातली कुठलीही पातळ केबल घ्या. मीटरवर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते सांगणारा आकडा, १ म्हणजे काहीच परत नाही) दीडच्या आत आला की केबल पास. कनेक्टर कुठलाही चालतो, पक्कडीने दाबला की पुरे. सांध्यावर इलेक्ट्रिकची टेप गुंडाळा. आणि केबल जास्त झाली तर कापू नका, वेटोळं करून ठेवा, एसडब्ल्यूआर सुधारतो.

कोल्हापुरात नवीन स्टेशनं उभी राहतायत याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच हा मेसेज वाचून कुणी सेटवर खर्च करून केबलवर हात आखडता घेऊ नये असं वाटतं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला पंचगंगेने काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. हायवे बंद, अर्ध्या गावात लाईट नाही. अशा वेळी सेट बॅटरीवर चालवायचा असतो, आणि बॅटरीतली ताकद अँटेनापर्यंत पोचते की वाटेतच संपते हे केबल ठरवते.

आधी सगळ्यात घातक मुद्दा, एसडब्ल्यूआरचा. मीटर आपण सेटच्या मागे लावतो. तो मोजतो सेटकडे परत आलेली पॉवर. केबलमध्ये लॉस असेल तर जाताना पॉवर कमी होते, परत येतानाही कमी होते, आणि मीटरला परतीचा आकडा लहान दिसतो. तळमजल्यावरच्या खोलीतून तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबवरच्या मास्टपर्यंत (अँटेनाचा खांब), वळणं धरून, ३० मीटर केबल सहज लागते. आरजी-५८ या पातळ केबलचा १४५ मेगाहर्ट्झला (म्हणजे दोन मीटर बँडला) लॉस १०० मीटरला साधारण २० डीबी (डेसिबल, दर ३ डीबीला पॉवर निम्मी), म्हणजे ३० मीटरला ६ डीबी. सेटमधून २५ वॉट निघाले तर अँटेनाला जेमतेम ६ वॉट मिळतात. आता वरची अँटेना खराब आहे, तिचा खरा एसडब्ल्यूआर ३ आहे असं धरा. खाली मीटरवर दिसेल १.३ च्या आसपास. मेसेजच्या हिशेबाने सगळं उत्तम!

त्याहून पुढे जाऊ. हीच केबल ४३५ मेगाहर्ट्झला (म्हणजे ७० सेंटिमीटर बँडला) लावली तर ३० मीटरला ११ डीबीच्या आसपास लॉस येतो. वरचा कनेक्टर निसटून अँटेना पूर्ण सुटली तरी खाली एसडब्ल्यूआर १.२ च्या आतच दाखवेल. अँटेनाच नाही, आणि मीटर खूश. केबल जितकी वाईट तितका हा आकडा देखणा. त्यामुळे खालच्या मीटरवरून केबलला पास करणं मुळातच चुकीचं आहे.

मग केबल तपासायची कशी? वरचं टोक मोकळं सोडा आणि खालून नॅनोव्हीएनए (हातात मावणारं मोजमापाचं यंत्र) किंवा अँटेना अ‍ॅनलायझरने रिटर्न लॉस, म्हणजे पाठवलेल्यापेक्षा परत आलेला सिग्नल किती डीबीने कमी आहे ते, बघा. त्याचा अर्धा म्हणजे एका बाजूचा लॉस. मीटर १२ डीबी म्हणाला तर केबल ६ डीबी खाते. हे काम सेटने करू नका. टोक मोकळं असताना पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबायचं नाही. अ‍ॅनलायझर नसेल तर वरच्या टोकाला ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर पचवणारा रेझिस्टर) लावा आणि वॉटमीटर एकदा खाली, एकदा वर लावून दोन आकडे ताडून बघा.

ऐकण्याचंही तेच. ६ डीबी म्हणजे एक एस-युनिट, सेटच्या सिग्नल-मीटरवरचं एक घर. पन्हाळा-जोतिबाच्या डोंगराआडून येणारा सिग्नल आधीच अशक्त असतो, त्यातलं एक युनिट केबलमध्ये घालवायचं आणि मग सेट बहिरा म्हणायचा, हा सेटवर अन्याय आहे.

आता डिशच्या केबलचा मुद्दा. इथे मेसेज निम्मा बरोबर आहे, आणि त्याला उत्तर देणारे काही जण 'पंच्याहत्तर ओहम लावली की सेट जळतो' म्हणतात तेही खरं नाही. आरजी-६ चा, म्हणजे डिशच्या केबलचा, लॉस १४५ मेगाहर्ट्झला १०० मीटरला ८ डीबीच्या आसपास असतो. आरजी-२१३ या जाड केबलचा साधारण ९. म्हणजे लॉसमध्ये डिशची केबल आरजी-५८ च्या कितीतरी पुढे आहे. ५० ओहमच्या अँटेनाला ही ७५ ओहमची केबल जोडली की केबलमध्ये एसडब्ल्यूआर १.५ होतो. सेटला मात्र केबलच्या लांबीप्रमाणे ५० ते ११२ ओहमपर्यंत काहीही दिसू शकतं, म्हणजे वाईटात वाईट २.२५. बहुतेक सेट तेवढ्याने पॉवर थोडी कमी करतात, जळत नाहीत.

माझी हरकत वेगळी आहे. त्या केबलची जाळी (मधल्या तारेभोवतीचं विणलेलं आवरण) बहुधा अ‍ॅल्युमिनियमची असते, तिला साधं सोल्डर धरत नाही. मधली तार बऱ्याचदा लोखंडावर तांब्याचा पातळ थर दिलेली असते. व्हीएचएफला (१४५ मेगाहर्ट्झसारख्या वरच्या फ्रिक्वेन्सीला) करंट वरच्या थरातून वाहतो म्हणून चालून जातं, पण ८० मीटर बँडसारख्या खालच्या फ्रिक्वेन्सीला तो थर अपुरा पडून लॉस वाढतो. तारेला चुंबक लावून बघा, चिकटला तर लोखंड आहे. शिवाय डिशच्या एफ कनेक्टरवरून पीएलवर (सेटला लागणारा पीएल-२५९ कनेक्टर) यायला अ‍ॅडॉप्टर, त्यावर अजून एक अ‍ॅडॉप्टर, आणि प्रत्येक सांधा पावसाला आमंत्रण. नुसतं ऐकायच्या स्टेशनला ही केबल खुशाल वापरा. बोलायच्या स्टेशनला नको.

माझा सल्ला असा. ४० मीटर बँडवर आरजी-५८ ला नावं ठेवायचं कारण नाही. ७ मेगाहर्ट्झला ३० मीटरमध्ये १ डीबीपेक्षा थोडंच जास्त जातं. दोन मीटर बँडला पाच-सात मीटर केबल लागत असेल तरीही चालेल. त्याहून लांब असेल तर आरजी-२१३ घ्या, २५ वॉटमधले १३ वर पोचतात. ७० सेंटिमीटरला बोलायचं असेल तर एलएमआर-४०० जातीची फोमवाली केबल. ती ताठ असते. रोटेटरजवळ (अँटेना फिरवणारी मोटर), जिथे केबल सारखी वळते, तिथे तिची लवचिक जात वापरा. आणि छापील नावावर जाऊ नका. बाजारात आरजी-५८ छापलेल्या अशाही केबली मिळतात ज्यांच्या जाळीतून आतलं पांढरं प्लास्टिक सरळ दिसतं. दुकानदाराला वीतभर तुकडा सोलून दाखवायला सांगा. जाळी दाट हवी, मधली तार तांब्याची हवी. आरजी-२१३ ची मधली तार तांब्याच्या सात तारांची असते.

कनेक्टर पक्कडीने दाबणं म्हणजे क्रिम्पिंग नव्हे. क्रिम्पचा कनेक्टर वेगळा येतो आणि त्याला त्याच मापाच्या डायचं टूल लागतं. तसं केलं तर क्रिम्प उत्तम. साधा पीएल-२५९ मात्र सोल्डरच करायचा. आतलं इन्सुलेशन टेफ्लॉनचं बघून घ्या, स्वस्तातलं प्लास्टिक सोल्डरिंगची आयर्न लागताच वितळतं आणि मधली पिन वाकडी होते. बॉडी चांदीच्या मुलाम्याची असेल तर भोकांतून सोल्डर जाळीला पकडतं. चकचकीत निकेलवर ते घरंगळतं. २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न इथे कामाची नाही, ८०-१०० वॉटची हवी. आरजी-५८ ला पीएल लावताना रिड्यूसर (पातळ केबलसाठीची आतली नळी) विसरू नका. 'दोन मीटरला एन कनेक्टरच हवा' हा उलटा आग्रहही मला पटत नाही, त्या फ्रिक्वेन्सीला नीट बसवलेल्या पीएलचा लॉस नगण्य असतो. ४३५ ला एन घ्या. आणि मास्टवरच्या टोकालाही शक्य तर एनच, कारण त्यात रबरी वायसर असतो आणि पीएलमध्ये पाणी अडवायला काहीच नसतं. एन घेताना ५० ओहमचाच मागा. ७५ चाही मिळतो, त्याची पिन बारीक असते आणि ५० ची पिन घुसवली की समोरचं सॉकेट कायमचं सैल होतं.

यावरून टेपचा मुद्दा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे पाऊस नुसता वरून पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा घुसतो. इलेक्ट्रिकच्या टेपचा गोंद उन्हात पातळ होतो, कड सुटते, आणि एकदा पाणी आत शिरलं की ते जाळीतून केबलभर खाली ओढलं जातं. तांबं काळं पडतं, लॉस वाढतो. फोमच्या केबलला हा धोका जास्त. तेवढा भाग कापून टाकण्याशिवाय इलाज नसतो. म्हणून सांध्यावर आधी सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) रबर टेप, ताणून, खालून वर गुंडाळत न्यायची. म्हणजे वेढे कौलांसारखे एकावर एक बसतात आणि पाणी बाहेर ओघळतं. त्यावर ऊन अडवायला पीव्हीसी टेप. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन लावू नका, त्यातलं अ‍ॅसिड तांब्याला खातं. नळाला लावतात ती इपॉक्सीही नको, पुढे सांधा उघडता येत नाही. केबल खोलीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकून जातं. पावसाळा संपला की ऑक्टोबरात एक सांधा उघडून बघायचा.

वेटोळ्याने एसडब्ल्यूआर सुधारतो, तो वाढलेल्या लांबीच्या लॉसमुळे, आणि त्याचा हिशेब वर झालाच आहे. लांबी कमीजास्त केल्यावर मीटर उड्या मारत असेल तर बहुधा जाळीच्या बाहेरून करंट वाहतोय. त्याला चोक (हा बाहेरचा करंट अडवणारी गुंडाळी) लागतो, आणि तो अँटेनाच्या तोंडाशी.

एक गोष्ट मेसेजमध्ये अजिबात नाही: वीज. एप्रिल-मेचा वळीव आपल्याकडे कडकडाटासह येतो. केबल घरात शिरते तिथे अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत वळवणारं उपकरण) लावा, त्याला जाड तारेने अर्थच्या रॉडला जोडा आणि तो रॉड घराच्या अर्थिंगशी बांधा. दोन अर्थ वेगवेगळे ठेवले तर त्यांच्यातलं व्होल्टेज सेटमधून वाट काढतं. थेट वीज पडली तर कुठलाच अरेस्टर पुरा पडत नाही. म्हणून आभाळ दाटायला लागलं की सेटपासून केबल सोडवा आणि तिचं टोक खिडकीबाहेर टाका. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र तिला हात लावू नका.